जाळीवरची आसरा

द्वारका धावत पायऱ्या चढून वर आली तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने काळे होते आणि हातात खराटा होता. कर्वेनगरच्या त्या उताराच्या गल्लीत, पावसाळी गटाराच्या जाळीपाशी बायकांची रांग लागली होती. खंडेनवमीचा दिवस. परतीचा पाऊस असा कोसळत होता, की छत्रीखालचा माणूस छत्रीबाहेरच्यापेक्षा जास्त भिजत होता. एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने ताट सावरत बायका जाळीवर ओटी भरत होत्या.

"अहो, थांबा! जाळी तुंबलीय. सगळं पाणी पायऱ्यांवरून माझ्या घरात चाललंय. सासूबाईंना उठता येत नाही. त्यांच्या बाजेचे पाय बुडलेत!"

"द्वारका, रांगेत ये," सोसायटीच्या रुपाली मॅडम म्हणाल्या. "आणि तो खराटा लांब ठेव. देवीसमोर बरा दिसतो का?"

देवी म्हणजे जाळीशेजारचा शेंदूर फासलेला दगड. तो गल्लीतल्या बापूरावांनी बसवला होता. शेजारच्या गॅरेजमधला शंभू गाड्यांचं जळकं ऑइल रोज त्या जाळीत ओतायचा, सोसायटी आपला केरकचरा तिथेच ढकलायची, आणि ते सगळं खाली ओढ्यात, द्वारकाच्या आळूच्या वाफ्यात उतरायचं. पानं अशी माखायची, की वडी तळायला वेगळं तेल लागू नये. अर्ज झाले, पाट्या झाल्या. शेवटी बापूरावांनी, ज्यांच्या थापा पार एरंडवण्यापर्यंत ऐकू जात, आणखी एक थाप ठोकून दिली. म्हणे, या जाळीखाली बुजवलेली विहीर आहे आणि विहिरीत पाण्याची देवी, आसरा, राहते. साती आसरांमधली सगळ्यात धाकटी, रागीट. आपण स्वतः पाहिली. केस विंचरत बसली होती, आणि फणीला शंभूचं ऑइल लागलं म्हणून हुंदके देत होती.

ऑइल आणि कचरा, दोन्ही त्याच दिवशी थांबलं. दुसऱ्या दिवशी पहिला नारळ आला.

"बापूकाका, आता तुम्हीच सांगा यांना," द्वारका म्हणाली.

बापूराव पानटपरीच्या आडोशाला स्टुलावर बसले होते. ते उठले. "ऐका हो. आसरा-बिसरा कुणी नाही. विहीर तर नाहीच नाही. हा दगड माझ्या कुंडीखालचा. थाप मारली होती मी."

रांगेत हशा पिकला.

"आजोबा, तुमच्या थापा आम्हाला बरोबर ओळखू येतात," रुपाली मॅडम म्हणाल्या. "ही त्यातलीच."

बापूराव पुन्हा स्टुलावर बसले. उभ्या जन्मात एकदा खरं बोलले, तर तेवढंच कुणाला पटेना.

द्वारका जाळीवरचा भिजका खण ओढायला वाकली. दोघींनी तिचे दंड धरले. "हात लावू नकोस! ओटी आहे ती."

पायऱ्यांखालून सासूची हाक आली. "द्वारके, गोधडी भिजली गं!"

द्वारकाने खराटा टाकला. अंबाडा सोडला. आणि मग ती अशी काही घुमायला लागली, की भर पावसात बायकांनी छत्र्या मिटल्या.

"कोंडलंय मला! नारळ अडकलेत माझ्या गळ्यात! उपसा! आधी उपसा!"

"आई आली गं!" कुणीतरी किंचाळलं. रुपाली मॅडम चपला काढून त्याच काळ्या पाण्यात उभ्या राहिल्या. शंभू पहार घेऊन धावला. त्याने जाळी उचकटली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. खण निघाले, गजरे निघाले, हिरव्या बांगड्या, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून वाहिलेलं निर्माल्य. आणि जाळीच्या तुटक्या कोपऱ्यातून आत सोडलेले नारळ तर इतके, की त्या महिन्यात कोकणात सोलकढी झाली नसावी. चेंबरने मोठी ढेकर दिली. रस्त्यावरचं पाणी गरगरत आत गेलं. पायऱ्यांवरचा लोट बारीक झाला, आणि थांबला.

शंभूने जाळी परत बसवली. त्याबरोबर द्वारका तिच्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय रोवून.

"इथे पुन्हा काही वाहायचं नाही! गटारात मला फूलसुद्धा नको!"

"नाही वाहणार, आई. चुकलं, आई." सगळ्यांनी कान पकडले. बापूरावांनी स्टुलावरून द्वारकाला डोळा मारला. शिष्या गुरूच्या पुढे गेली होती.

रुपाली मॅडम मात्र विचारात पडल्या होत्या. "बरोबरच आहे की," त्या म्हणाल्या. "आई आता गटारात कुठे आहे? ती तर ही समोर उभी आहे. हिलाच वाहा ना."

रांग पुन्हा लागली. द्वारकाच्या पायांवर हळद पडली, कुंकू पडलं, तांदूळ पडले. तेवढ्यात शंभू गॅरेजमधून डबा घेऊन आला. त्याने सगळ्यांदेखत सील फोडलं.

"आई, तेव्हा जळकं ओतायचो, म्हणून रडलीस ना? आज खंडेनवमी आहे. हे बघ, नवंकोरं. सगळ्यात महागातलं."

द्वारकाने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. पण मान तर ती मघापासूनच हलवत होती.

शंभूने डबा उपडा केला. पिवळंधमक ऑइल तिच्या पावलांवरून ओघळलं आणि खाली गेलं, ओढ्याकडे, आळूकडे. जाळी आता स्वच्छ होती. थेंबभरसुद्धा कुठे अडलं नाही.