सीट नसलेली गाडी

टेम्पोतून उतरवलेल्या मोटारसायकलभोवती सासूबाई दोनदा फिरल्या. केतकी लेकीला कडेवर घेऊन उभी होती. खडकांवरून मोटारसायकल नेण्याचा ट्रायल्सचा खेळ बाळंतपणात सुटला होता, तो तिला पुन्हा धरायचा होता. सासूबाई नाही म्हणाल्या, तर गाडी आल्या पावली परत जाणार होती.

“फसवलं की गं तुला! हिला सीटच नाही.”

“नसतेच, आई. दगडधोंड्यांवरून उभ्यानंच चालवायची असते.”

“मग पोरीला कुठं बसवणार?”

“तिला कशाला बसवू? या गाडीवर दुसऱ्या कुणाला जागाच नसते.”

सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. “अगं, शेजारची सून लेकराला टाकीवर बसवून बाजारभर हिंडते! तूही आमच्या चिमणीला घेऊन दगडांवर चढणार, या धास्तीनं आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.”

केतकीला हसू आवरेना. इतके दिवस तिला वाटत होतं, त्यांना आपलं खेळणंच खुपतंय.

सासूबाईंनी नातीला ओढून घेतलं. “आता चढ खुशाल हव्या त्या खडकावर.”

“आणि मी पडले तर?”

“पडशील, उठशील. हळद लावून देईन मी.”