पलंगाचं माप

“ताई, या पलंगावर झोपणार कोण? बाहुली?”

धाकटीने कॉम्प्युटरवरच्या घराच्या नकाशावर बोट ठेवलं आणि थोरलीचा हात जागच्या जागी थांबला.

धाकटीला थोरलीच्या ऑफिसात आणलं होतं आईनेच. “हिलाही तुझ्यासारखं आर्किटेक्ट व्हायचंय म्हणे. उद्या प्रवेश घ्यायचाय. काय चांगलं, काय वाईट, ते तूच सांग बाई. मी पडले अडाणी.” अडाणी म्हणतानाचा सूर असा, की ऐकणाऱ्या पदवीधराने मान खाली घालावी.

वाईट काय ते आईने विचारायची गरज नव्हती. ते समोरच बसलं होतं: पस्तिशीत पिकलेलं डोकं, आणि मालकापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची बोलणी खाणारा एक जीव. चांगलंही ती जाणून होती. थोरलीने आखलेल्या दवाखान्याबाहेर सावलीतला रुंद कट्टा होता. रोग्यांची माणसं तिथे पाठ टेकून बसत. आई धडधाकट असतानाही रक्तदाब तपासायला जाई आणि शेजारच्याला न विचारता सांगे, “हा कट्टा माझ्या लेकीने काढलाय.”

“पलंग मुद्दाम लहान काढलाय,” थोरली म्हणाली. “म्हणजे जाहिरातीत खोली मोठी दिसते.”

“आणि घर घेणारी माणसं?”

“त्यांना कळतं. सामान आणल्यावर.”

“तू काही बोलत नाहीस?”

“बोलायचे. आता नाही बोलत.”

आईच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते गिळून ती धाकटीवर उखडली. “ऐकलंस? पाच वर्षं डोळे फोडून हेच शिकायचं असेल तर घरी बसून खोटं बोल. चल, ऊठ.”

धाकटी हलली नाही. “खरा पलंग टाकून दाखव ना, ताई.”

थोरलीने साहेबांच्या बंद केबिनकडे एकदा बघितलं. मग बाहुलीचा पलंग पुसला आणि पुऱ्या मापाचा आणून ठेवला. दार उघडताना कुठवर येतं ते दाखवणारी गोल रेघ थेट पलंगात घुसली.

“दार अर्धंच उघडतंय,” धाकटी हळूच म्हणाली.

टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचा आवाज आईलाही ऐकू आला. “झालं का? छापायला पाठवायचंय.”

थोरली म्हणाली, “नाही झालं, साहेब. खरं माप घातलंय. मी खोटं नाही पाठवणार.”

पुढचं थोरलीनेच ऐकलं. तिने फोन ठेवला, खण उघडला आणि आपलं सामान बाहेर काढलं. चष्म्याचं घर, पट्टी, पेन्सिली, लेकराचा फोटो. आईने आपली पिशवी रिकामी केली आणि तिचं तोंड उघडून समोर धरलं.

धाकटीचं दोघींकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याला नाक लावून बसली होती.

“ताई, ही भिंत जराशी सरकवली तर?”