पिवळी इटालियन

"आळंदच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट घासून बसंल ही," रेवणसिद्धप्पा म्हणाले आणि पोळीचा तुकडा आमटीत बुडवला.

गुढीपाडव्याचं जेवण चाललं होतं. सिद्धलिंगनं मोबाइल थोरल्या भावापुढं धरला होता. पडद्यावर इटलीत बनलेली ठेंगणी, रुंद गाडी होती. तूरडाळीसारखी पिवळी.

"नाक वर उचलायचं बटन असतंय अण्णा तिला."

"मग बैलगाडीच घे की. बैल सोडले की तिचं नाक आपोआप वर जातंय."

दोघांची आई, अव्वा, हसल्या. वाढता वाढता सिद्धलिंगची बायको उमादेवीही हसली. सिद्धलिंग तेवढा हसला नाही.

बेंगळुरूला इंजिनिअरिंग शिकत असताना त्यानं अशी गाडी पहिल्यांदा बघितली होती. बघितली म्हणण्यापेक्षा ऐकली. ती वळणाआड गेल्यावरसुद्धा तो रस्त्याच्या कडेला उभाच होता. पुढं वडील वारले, शिक्षण अर्धवट राहिलं आणि तो आळंदला डाळमिलवर आला. अण्णा गादीवर बसत, हा यंत्रात. डाळ निवडायचं नवं यंत्र त्यानंच आणलं, घरच्या नावानं पाकिटं काढली, पुण्या-हैदराबादपर्यंत गिऱ्हाईक जोडलं. पैसा सगळा अण्णांच्या हातात. त्यानं कधी विचारलं नाही, कधी अडलंही नाही. स्वतःसाठी म्हणून काही मागितलं ते हे पहिलंच.

दिवाळीत माल पोचवायला हैदराबादला गेला, तेव्हा वापरलेल्या परदेशी गाड्यांच्या एका दुकानात तो सहज शिरला होता. तिथला विक्रेता महेशकुमार बीदरजवळच्या जनवाड्याचा निघाला. गाववाल्यासारखा बोलला आणि चालवून बघा म्हणून किल्लीच हातात दिली. रिंगरोडवर सिद्धलिंगनं पाय दाबला, तसं कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी सुटली. परत आल्यावर बराच वेळ त्यानं स्टिअरिंग सोडलं नाही.

"घेऊ का नको?" त्यानं विचारलं होतं.

"मला इचारू नका साहेब. मी तर घ्याच म्हणणार."

तेव्हापासून घरात रोज तोच विषय. अण्णा रोज एक नवी खोड काढत. रस्त्यावर वाळत घातलेली तूर चाकाखाली येईल, गाडी बघून दलाल डाळ भाव पाडून मागतील, लोक काय म्हणतील. सिद्धलिंग ऐकून घ्यायचा.

पण त्याच पाडव्याच्या दुपारी मिलमध्ये यंत्रांची पूजा झाली, तेव्हा अण्णांनी हमालांसमोर, दलालांसमोर आवाज चढवला.

"मिल माझ्या जिवावर चालायलीय, आन ह्याला खेळणं पाहिजे!"

हमाल खाली बघू लागले. सिद्धलिंगच्या कानशिलांतून वाफ निघाली.

"असं हाय तर माझी वाटणी देऊन टाका."

त्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. पूजेला आलेल्या अव्वांनी तोंडावर पदर घेतला. वडिलांनी मरताना दोघांना सांगून ठेवलं होतं, जो वाटणी मागेल त्यानं शेत घ्यावं, जो घर धरून राहील त्याला मिल.

अण्णा ओरडले नाहीत. खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले.

"तू म्हणलास बरं. मी न्हाई."

पुढचं सगळं झटपट झालं. सिद्धलिंगच्या नावावर शेत आलं, हातात रक्कम आली. सही करून उठला तेव्हा अण्णांनी त्याला मिठी मारली. अव्वा मात्र त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. मिलचा भोंगा वाजला की पाय सवयीनं उंबऱ्यापर्यंत जायचे आणि तिथंच थांबायचे.

"आणा आता गाडी," उमादेवी एक दिवस म्हणाली. "जिच्यासाठी घर मोडलं, ती तरी दारात येऊ द्या."

तो हैदराबादला गेला. महेशकुमारनं गाडीवरचं कापड ओढलं. सिद्धलिंग आत बसला, किल्ली फिरवली. तोच आवाज आला. पण ह्या वेळी मनात काहीच हललं नाही. डोळ्यांपुढं उपरण्यानं डोळे पुसणारे अण्णा आले. एका खेळण्यापायी आपण बापाच्या जागी असलेल्या माणसाला दगा दिला. आज संध्याकाळीच जाऊन पाय धरायचे. शेत परत घ्या म्हणायचं, मिलमध्ये पोती उचलायला ठेवलं तरी राहायचं.

तो उतरला. "महेशकुमार, न्हाई घेत मी."

महेशकुमारचा चेहरा पडला. "असं नका करू साहेब. तुमच्या अण्णांना काय सांगू मी?"

"अण्णांना?"

"बोलायचं नव्हतं, पण आता सांगतो. संक्रांतीला आल्ते ते. ही गाडी दुसऱ्या कुणाला दाखवू नको म्हणले. आपल्या खिशातून विसार देऊन गेले."

सिद्धलिंग खुर्चीवर बसला. संक्रांतीला! घरी चेष्टा करणारा माणूस एवढ्या लांब येऊन आपल्यासाठी गाडी धरून ठेवून गेला आणि कुणाला चकार शब्द बोलला नाही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं तोंड काचेकडं फिरवलं.

"आणखी काय म्हणले?"

सौदा वाचतोय असं वाटून महेशकुमार खुलला.

"लई माया हाय बघा त्यांची तुमच्यावर. म्हणले, घाई करू नको, वाटणी झाली की तो आपसूक येतंय."