पेरूवरची सीडी

नातीला स्क्रीनवर बघता यावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली, तर नेटच बंद पडलं. बटणांच्या मोबाईलवरून बेंगळुरूला मुलीला फोन लावला. “पप्पा, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर गेलाय. नेटवरून घ्या.” “अगं शहाणे, नेट असतं तर तुला कशाला विचारलं असतं?” “ओरडू नका. कॉम्प्युटरसोबत आलेली सीडी शोधा, ड्रायव्हर त्यात असतो.” सीडी दारातल्या पेरूवर सापडली. पोपट पळवायला बायकोने टांगली होती, भोकातून जुन्या साडीचा काठ ओवून. “गाठ सुटत नाही,” मी म्हणालो. “मग कापा ना, पप्पा!” माझं डोकं फिरलं. “तुझ्या आईच्या हातची गाठ आहे ती. तिला जाऊन आठ महिने झाले, तुला एकदा नाशिकला यायला जमलं नाही, आणि मला कापायला सांगतेस? लेकीचं तोंड दाखवायचंय तर तिला घेऊन ये. गाठ मी सोडणार नाही.”