मुठीतला जोर

अर्धांगवायूने लुळी पडलेली नवऱ्याची मूठ ती रोज पकडीचा जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या दांडीभोवती वळवून द्यायची. "निसटेल हो," म्हणत वरून आपला हात ठेवायची आणि जीव खाऊन दाबायची. मोबाइलवर अ‍ॅपची रेघ चढली, की तो हरखून जायचा. "बघितलंस? कालच्यापेक्षा वर गेली!"

आज सुजलेलं मनगट बाहीत लपवून ती समोर बसली. त्याने आपला धड हात हळूच त्या मनगटावर ठेवला.

"आज राहू दे."

"असं कसं? एवढी सुधारणा होतेय तुमची!"

"या हाताला पहिल्या दिवसापासून काहीच कळत नाही गं. पण रेघ चढली, की त्या दिवशी तू पोटभर जेवायचीस."