गठ्ठ्याच्या तळाशी

"बाई, माझा फोटो नेहमी गठ्ठ्याच्या तळाशीच का असतो?" मृण्मयीने विचारलं. माझ्या विवाह मंडळात नाव नोंदवून तिला दोन वर्षं झाली होती आणि एकही स्थळ पुढे सरकलं नव्हतं.

"अगं, फोटो रोज हाताळले जातात. वर-खाली व्हायचेच," मी म्हणाले. मुलाकडच्या कुणी 'गोरी हवी' म्हटलं, की त्याला दारातूनच परत पाठवणारी म्हणून मी गावात बदनाम आहे. मला स्वतःला सात जणांनी काळी म्हणून नाकारलं. पोह्यांचं मात्र सातही जणांनी कौतुक केलं, हे मी सगळ्या मुलींना हसत सांगते.

तिने गठ्ठा उलटा केला आणि तळापासून एकेक फोटो टेबलावर मांडला. आधी काळ्या मुली आल्या, मग सावळ्या, मग निमगोऱ्या. सगळ्यात शेवटी गोऱ्यापान.

हा गठ्ठा रोज संध्याकाळी मीच लावते. रेडिओ ऐकत, मेथी निवडावी तसा.

"मला त्या सात जणांनी..." मी सांगू लागले.

"ठाऊक आहे, बाई." तिने माझा हात हातात घेतला. "हे फोटो अजून तेच लावतायत."