इल्काचं वय

“तिकीट काढलंत ना?” गाश्पारने खिडकीपाशी बसता बसता विचारलं.

“केव्हाच,” इल्का म्हणाली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. पर्समध्ये तिकीट नव्हतं. पेन्शन यायला अजून अवकाश होता. सेगेदपर्यंतचं रेल्वेभाडं भरलं असतं, तर तोवर तिला हवा खाऊनच राहावं लागलं असतं.

खरं म्हणजे तिला तिकिटाची गरजच नव्हती. पासष्टी ओलांडली की हंगेरीत रेल्वे फुकट. टीसीला ओळखपत्र दाखवलं की झालं. इल्का अडुसष्टची होती. पण बुडापेस्टच्या एका संग्रहालयाबाहेर, प्रवेश फुकट असतो त्या दिवशीच्या रांगेत, हा उंच, हसरा माणूस तिच्यापुढे उभा होता, आणि जिभेला काही हाड नसतं.

“मी बासष्टची,” ती ठसक्यात म्हणाली होती. “आणि माझ्याहून लहान पुरुषांना मी सरबत पाजून घरी पाठवते.”

“मग मी वाचलो,” तो म्हणाला होता. “मी सहासष्टचा.”

तेव्हापासून दोघांनी एगर पाहिलं, पेच पाहिलं, ग्योर पाहिलं. सकाळच्या गाडीने जायचं, गावभर पायी हिंडायचं, चर्चच्या पायऱ्यांवर बसून घरून आणलेलं खायचं आणि संध्याकाळी परत. नवरा गेल्यापासून इल्का इतकी हसली नव्हती.

बासष्टीचं सोंग मात्र महाग पडत होतं. ती तिकिटाच्या रांगेत उभी राहिली की गाश्पार “पेपर आणतो” म्हणून जायचा आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचा. गाडीत टीसी दिसला की पाय मोकळे करायला दाराशी जाऊन उभा राहायचा. फुकट फिरायची लाज वाटत असेल बिचाऱ्याला, असं ती समजायची.

एकच गोष्ट तिला खटकायची. भाड्याचा एक छदाम खर्च नाही, तरी या गृहस्थाने कधी कॉफीला म्हणून विचारलं नाही. चरबी फासलेला पाव, वर कांद्याची चकती आणि नळाचं पाणी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशातला. असू दे, माणूस सोन्यासारखा आहे, असं ती स्वतःला समजावायची.

“सेगेदला माशांचा रस्सा फार छान मिळतो म्हणे,” ती म्हणाली.

“वास तर त्याहून छान असतो,” गाश्पार म्हणाला. “आणि फुकट.”

डब्याच्या टोकाला टीसी बाई दिसली. गाश्पार लगेच उठला. “मी जरा पाय मोकळे करून येतो.”

इल्काने त्याची बाही धरली. “बसा. मला काहीतरी सांगायचंय.”

“आल्यावर सांगा की.”

“नाही, आत्ताच. मग माझा धीर व्हायचा नाही.”

बोलेपर्यंत टीसी बाई समोर येऊन उभी राहिली. इल्काने पर्स उघडली आणि ओळखपत्र तिच्या हातात दिलं.

“मी बासष्टची नाही, गाश्पार. अडुसष्टची आहे. तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी. आज तिकिटाला पैसे उरले नाहीत, नाहीतर आणखी वर्षभर थापा मारल्या असत्या.”

गाश्पार मटकन खाली बसला आणि बुटांकडे बघत राहिला. गेला हा, इल्काला वाटलं. आता उरलेली सगळी गावं एकटीनेच बघायची.

“तुमचं झालं, आजी,” ओळखपत्र परत देत टीसी बाई म्हणाली. “आजोबा, तुमचं ओळखपत्र?”

गाश्पार कानापर्यंत लाल झाला. त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि इल्काकडे न बघता, सेगेदचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढून टीसी बाईच्या हातावर ठेवलं.